सदतीस तराजू

कुताइसीत, पाचव्या मजल्यावर, दोन खोल्यांत
आम्ही दोघं राहतो आणि सदतीस तराजू.
अंब्रोसी म्हणतो पस्तीस.
दोन बिघडलेले आहेत, ते तो धरत नाही.
मी धरते. जागा तेही खातात.

बाजारातल्या बायांनी आकडे उजळणारी यंत्रं घेतली
तेव्हापासून हे सुरू झालं.
चीजवालीचा काटा, अक्रोडवालीची तागडी,
चियातुराच्या खाणीतला एक, पारड्यात अजून काळी धूळ,
आणि प्रसूतिगृह बंद झालं तेव्हा आणलेला
तान्ह्या मुलांचा, पांढरा, पाळण्यासारखा खोलगट.
त्यात मी कांदे ठेवते. तो काढतो.
मी परत ठेवते.

एकदा विचारलं, इतकं काय तोलायचं असतं तुला?
तोलत नाही, म्हणाला, बघतो.
काटा थांबण्याआधी थरथरतो ना, ते.
मी म्हटलं, माझीही थरथर बघ कधीतरी,
टबात चार तराजू आहेत,
आंघोळीआधी चारी बाहेर काढते मी, आंघोळीनंतर चारी आत,
मग पुन्हा घाम.

मार्चमध्ये धान्याचा आला. सामूहिक शेतीच्या कोठारातला,
दोनशे किलो तोलणारा, स्वतः जवळजवळ तेवढाच.
लिफ्टमध्ये नाणं टाकलं. लिफ्टनं नाणं गिळलं आणि हलली नाही.
चार माणसांनी जिन्यावरून चढवला,
चौघांना मी वाइन पाजली, गरम पाव वाढला,
आणि ते गेल्यावर तीन दिवस बोलले नाही.
चौथ्या दिवशी बोलले, त्यापेक्षा न बोललेलं बरं होतं.
तोही बोलला. माझ्या आईपर्यंत गेला.
त्याच्या आईपर्यंत मी आधीच पोचले होते.

एप्रिलात तो भावाकडे द्राक्षवेली बांधायला गेला
आणि मी भंगारवाल्याला बोलावलं.
झुरा. एक दात सोन्याचा, खिशात स्प्रिंगचा काटा.
सगळं नेऊ?
सगळं नाही, म्हटलं, हा मोठा, आणि ते टबातले.
त्यानं टबातला पहिला उचलला, आकड्याला अडकवला,
एका डोळ्यानं बघून म्हणाला, अकरा किलो.

अकरा?
माझ्या कंबरेला त्याचं वजन पाठ आहे.

इकडे ठेव, म्हटलं.
धान्याच्या काट्यावर ठेवायला लावला.
दांडीवरचा गोळा सरकवला मी,
अंब्रोसी सरकवतो तसा, एका बोटानं.
दांडी उठली, खाली आली, थरथरली,
झुरा आणि मी, दोघंही गप्प.
पंधरा किलो चारशे.

पुढे मी काय काय बोलले ते शेजारच्या नानुलीला विचारा,
भिंत पातळ आहे.
मापात पाप करतोस, लेकराबाळांचा बाप असून?
काटा शून्यावर आणल्याशिवाय माल लावतं का कुणी?
हे शेवटचं वाक्य माझं नव्हतं.
जेवणाच्या टेबलावर ते सुरू झालं
की मी ताटं उचलायला लागते.

झुरा रिकाम्या हातानं गेला.
टबातला टबात गेला.

अंब्रोसी रात्री आला. हाताला वेलींचा चीक.
मी काही सांगितलं नाही.
रविवारपर्यंत टब रिकामा हवा, एवढंच म्हटलं, नेहमीसारखं.
बघू, म्हणाला, नेहमीसारखं,
आणि मोठ्या काट्यापाशी थबकला.
गोळा पंधराच्या खाचेत होता.
मागे सरकवायला मी विसरले होते.

बराच वेळ उभा.
काय तोललंस, असं विचारलं नाही.
बोटानं गोळा शून्यावर आणला,
आणि तान्ह्यांच्या तराजूत कांदे होते
ते या वेळी काढले नाहीत.
एक उचलला फक्त, जेवणाबरोबर खायला.

रविवार गेला. टबात आता तीनच आहेत.
चौथा काल झाडताना सापडला,
पलंगाखाली, माझ्या बाजूला.